पुस्तक मिटून सांग, नसीम

नसीम,

माझ्या मूर्खपणापासूनच सुरुवात करते, म्हणजे तुला बरं वाटेल. तुला तो किस्सा फार आवडायचा. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, कुठंही सांगायचीस आणि मी शेजारी तोंड फिरवून उभी असायचे. आता तो सांगायला तू नाहीस, तेव्हा मलाच सांगायला हवा.

नोकरीचं पहिलं वर्ष. पेणच्या त्या शाळेत आपण दोघी एकाच जूनमध्ये इंग्रजी शिकवायला लागलो. तेव्हाची मी तुला आठवते ना? पदराला पिनाच पिना, डोळ्यांवर विनानंबरचा चष्मा आणि नाक इतकं वर की फळा पुसायला डस्टर लागू नये. आमच्या आळीतली इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली पहिली मुलगी मीच, हे मी कोणी न विचारता सांगायचे. दूधवाल्यालाही सांगितलेलं. तर तपासणीला साहेब येणार म्हणून या विदुषीनं आठवीच्या वर्गाकडून एकच धडा घोकून घेतला. दीपगृहाच्या म्हाताऱ्या राखणदाराचा. स्वल्पविरामाला किती थांबायचं, वादळ आलं की आवाज कसा चढवायचा, सगळं बसवलं, नाटक बसवतात तसं. साहेब आले. मी कुंदाला उभं केलं. मिठागरावरच्या घरातली पोर, आवाज खणखणीत. पुस्तक दोन्ही हातांत धरून तिनं अख्खा धडा कुठंही न अडखळता म्हटला. साहेब मान डोलवत होते. "खेड्यातल्या मुलींचं असं वाचन मी ऐकलं नव्हतं, बाई," असं म्हणाले आणि मी इतकी फुगले की पिना तुटायच्या तेवढ्या राहिल्या.

तू मागच्या भिंतीला टेकून उभी होतीस. साहेब गेले तशी पुढे आलीस, कुंदाच्या हातातलं पुस्तक घेतलंस आणि माझ्यासमोर धरलंस. भूगोलाचं होतं.

"इंग्लिशचं घरी ऱ्हायलं बाई," कुंदा म्हणाली. "पन मना येतंय ना सगला, मग कशाला सांगाचा म्हटलं."

तू हसली नाहीस. हसणं नंतर सुरू झालं, वर्षभरानं. तेव्हा एवढंच म्हणालीस, "साहेबांनी पुस्तक बघितलं नाय, तू बघितलं नाय, पोरीला त्याची गरज पडली नाय. मग वाचलं कोणी गो?"

मी काय म्हणाले ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तू सांगायचीस, तेव्हाही किस्सा भूगोलापाशीच संपवायचीस, माझी अब्रू राखून. मी म्हणाले, "शेरा चांगला मिळाला ना, झालं तर."

कुंदा दहावीला इंग्रजीत गेली. बाकी सगळ्या विषयांत पास. न वाचलेला उतारा समोर आला आणि तिला त्यातलं काही कळेना, कारण तो तिच्याकडून कोणी घोकून घेतलेला नव्हता. तिच्या बापानं "आता बास" म्हटलं आणि त्याच उन्हाळ्यात वडखळकडे लग्न लावून दिलं. निकालाच्या दिवशी आपण दोघी स्टाफरूममध्ये होतो. तू मला काही बोलली नाहीस. तू बोलली असतीस तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. हे तुला माहीत होतं, म्हणूनच गप्प बसलीस. फार दुष्ट होतीस तू कधीकधी.

मग तुझं लग्न झालं, तू रोह्याला गेलीस, तिथल्या शाळेत लागलीस, आणि रविवारी सकाळी घराच्या ओटीवर नापास पोरांचा वर्ग सुरू केलास. मी पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं, कोणाचं तरी मौन चाललंय. पोरं तोंड मिटून बसलेली, गाल फुगलेले. तू प्रत्येकाच्या तोंडात खडीसाखरेचा खडा घातला होतास. वाचताना ओठ हलले की खडा दाताखाली येणार आणि कडकन आवाज होणार. ज्याचा आवाज होईल त्यानं उतारा परत पहिल्यापासून वाचायचा. पेन्सिली दारातच काढून घ्यायचीस. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मराठीत उच्चार लिहायची आपल्या पोरांना सवय, आणि एकदा तो लिहिला की नजर खाली उतरतच नाही, वरच्या वर चालत राहते. ते तू बंद केलंस. अडलेल्या शब्दापाशी थांबायचं नाही, सरळ शेवटापर्यंत जायचं. मग पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते सांगायचं. मराठीत, घरच्या बोलीत, हातवारे करून, कसंही.

एक पोरगा सांगत होता, "त्या म्हताऱ्याचा बैल हरवला, त्यो सोदाया गेला, आनी बैल त्याचे आदी घरा येऊन ऱ्हायला." तू म्हणालीस, "बैल घरी आलेला म्हाताऱ्याला कधी कळलं?" पोरानं डोकं खाजवलं. "बघ परत. एवढंच बघ." आणि तो पुस्तकात असा घुसला की जणू बैल त्याच्याच गोठ्यातला. दुसऱ्यांदा वाचताना फक्त अडलेल्या शब्दांकडे जायचं, आणि त्यातही ज्याच्यावाचून गोष्ट पुढे जात नाही अशाच शब्दांकडे. पुढच्या रविवारी आल्या आल्या, पुस्तक उघडायच्या आधी, गेल्या रविवारचं आठवून सांगायचं. जे आठवणार नाही तेवढंच पुन्हा वाचायचं.

यावर आपण किती भांडलो. रोह्याच्या गाडीत, नागोठण्याला चहा पिताना, तुझ्या इमरानच्या बारशाला, माझ्या सासूच्या तेराव्याला. मी म्हणायचे, तुझं सगळं खरं, पण परीक्षा मार्चमध्ये आहे. ज्या पोराच्या घरात इंग्रजी शब्द फक्त साबणाच्या वेष्टनावर असतो, त्याला दोन निबंध पाठ असले तर तो पेपरला घाबरत नाही. भीती गेली की पुढचं सुचतं. पाठांतरानं निदान तोंड उघडतं. तू म्हणायचीस, "उघडतं गो, पण त्याच्यातून तुझाच आवाज येतो." मी म्हणायचे, "सुरुवातीला कोणाचा तरी येणारच." इथं तू थांबायचीस. मला अजून वाटतं की इथं तुला माझं थोडं पटायचं. तू ते कधी कबूल केलं नाहीस आणि आता करणारही नाहीस. हा वाद मी जिंकलेला नाही आणि हरलेलीही नाही. तो तसाच टाकून तू गेलीस, याचा मला राग आहे.

आणि एक गोष्ट मीही कबूल केली नव्हती. इंग्रजीची बाई असून मी स्वतः होऊन एक इंग्रजी पुस्तक शेवटापर्यंत वाचलेलं नव्हतं. गाइडं वाचली, धडे वाचले, तेही मोठ्यानं, वर्गाला ऐकू जातील असे. आवाज बंद केला की मला काही कळायचं नाही. तुला ते कळलं होतं. एकदा गाडीत तू माझ्या हातात एक पातळसं पुस्तक ठेवलंस आणि काही न बोलता पर्समधून खडीसाखर काढून पुढे केलीस. मी आजूबाजूला बघितलं, कोणी विद्यार्थी नाही ना. खडा तोंडात टाकला. कासू येईपर्यंत चारदा कडकन वाजला. तू खिडकीबाहेर बघत होतीस, खांदे हलत होते. पेण आलं तेव्हा मी उतरायची विसरले असते, कारण पुढं काय होतं ते मला बघायचं होतं. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हटलं, "डोळे दुखले माझे."

आता माझी नात सई नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. रामवाडीच्या घरात तिचा अभ्यास चालतो. काल बघितलं तर अख्खं पान पिवळं. मी म्हटलं, हळद लागली काय ग पुस्तकाला? म्हणाली, "आजी, महत्त्वाचं हायलाइट केलंय." सगळंच महत्त्वाचं. चार वेळा वाचलं, येतंय सगळं, म्हणाली. मी पुस्तक मिटलं. तिचं तोंड जे झालं ते बघायला तू हवी होतीस. दोन वाक्यं सांगितली आणि तिसऱ्याला अडली, मग माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच आतून पान फाडलं. वाचलेलं ओळखीचं वाटणं निराळं आणि येणं निराळं, हे मी तिला सांगितलं. वाक्य तुझं होतं, मी माझं म्हणून खपवलं.

पण हे सगळं मी त्या मंगळवारापाशी पोचायला नको म्हणून लिहितेय.

तुझ्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. पनवेलच्या हॉस्पिटलातून तू परत आलीस तेव्हा सगळे म्हणत होते, नशीब, वाचली. हातपाय चालतात, बोलते, माणसं ओळखते. तुझी सून रुबिना आनंदात होती. इमरान कतारहून येऊन परत गेला. मग एक दिवस रुबिनाचा फोन आला, "मावशी, अम्मींना पेपर दिसतो, पन वाचता येत नाय." मला वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी आले. तू कागद घेतलास, पेन घेतलंस आणि माझ्यासमोर स्वच्छ अक्षरात इंग्रजीत एक ओळ लिहिलीस. तेच वळणदार अक्षर. मग कागद हातात धरून बघत राहिलीस, आणि मला विचारलंस, "काय लिहिलंय गो हे?"

नसीम, मी आयुष्यात बरीच मरणं बघितली. ती ओळ बघताना जे वाटलं ते त्यांतल्या कुठल्याही वेळी वाटलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, कधीकधी थोडं परत येतं, रोज प्रयत्न केला तर. म्हणून दर मंगळवारी मी पेणहून यायला लागले, ओटीचं घर पाडून उभ्या राहिलेल्या त्या सोसायटीत. पहिल्या दिवशी म्हटलं, "आता मी बाई, तू विद्यार्थिनी. हात पुढे कर, छडी मारते." तू खरंच हात पुढे केलास, म्हणून मी त्यावर बोटानं अक्षर काढलं. तू लगेच ओळखलंस. डोळ्यांना न कळणारं अक्षर तुझ्या तळहाताला कळत होतं. मग आपलं तेच सुरू झालं. मी जाड अक्षरांत शब्द लिहायचे, बाकीच्या ओळी पोस्टकार्डानं झाकायचे, तू एकेक अक्षर बोटानं गिरवायचीस आणि जुळवून शब्द म्हणायचीस. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत घामानं भिजायचीस, आणि तिथं पोचल्यावर सुरुवातीचं काय होतं ते गेलेलं असायचं.

"उच्चार सगळे येतात," तू एकदा म्हणालीस. "पन आत काय पोचत नाय. त्या पोरांना हे असं व्हायचं का गो? मी त्यांना म्हणायची, परत बघ. एवढंच म्हणायची."

मी म्हटलं, तू निदान परत बघ म्हणायचीस. आमच्या वर्गात तर बघायलाच लागत नव्हतं. तू हसलीस. तुझं ते शेवटचं हसू होतं, निदान माझ्यासमोरचं.

महिने गेले. तू खंगत चाललीस. जेवायची नाहीस, रविवारच्या वर्गाची पोरं आली तर आतल्या खोलीत जाऊन बसायचीस. रुबिना मला दारात गाठून म्हणायची, "मावशी, काय तरी करा, यांना जरा हुरूप येईल असं." आणि मी केलं. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन नातवंडांची आजी, पण अक्कल पदराला पिना लावायच्या वयातलीच. घरातल्या पेटीतून आठवीचं ते जुनं पुस्तक काढलं. राखणदाराचा धडा पुढे बरीच वर्षं पुस्तकात होता, तूही रोह्यात तो शिकवत होतीस, किती वर्गांना ते देवच जाणे. ते पुस्तक तुझ्यासमोर बरोबर पानावर उघडून ठेवलं. पोस्टकार्ड ठेवलं नाही.

तू पहिला शब्द गिरवलास. दुसरा गिरवलास. तिसऱ्याला बोट थांबलं आणि आवाज पुढे गेला. धडा ओघळत बाहेर यायला लागला, वाक्यामागून वाक्य, तुझ्या वर्गातल्या आवाजात. रुबिना धावत आली. तिनं इमरानला व्हिडिओ लावला. तो तिकडे कामाच्या टोपीतच रडत होता, "अम्मी, वाच, वाच." मीही बघत होते, नसीम, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला पक्कं ठाऊक होतं की तू वाचत नाहीयेस. पान कधीच संपलं होतं. तू उलटलं नव्हतंस.

ते तुझ्याही लक्षात आलं. वादळ येतं तिथं तुझा आवाज तुटला. तू पानाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. इमरानला म्हणालीस, "बेटा, थकले, नंतर बोलते." फोन बंद झाला, रुबिना डोळे पुसत चहा टाकायला गेली.

"कुंदाच्या हातात चुकून भूगोल आला होता," तू म्हणालीस. "तू मला मुद्दाम दिलंस."

मी म्हटलं, "तुला बरं वाटावं म्हणून दिलं."

"मला वाटलं, आलं. तेवढा वेळ मला खरंच वाटलं, परत आलं."

मी तिथंच पाय धरायला हवे होते. पण मला राग आला, लाज वाटली की मला आधी राग येतो, हे तू जाणतेस. मी म्हटलं, "घोकलेलं तरी शिल्लक राहिलं ना तुझ्यात? तुझ्या खडीसाखरेचं काय राहिलं?"

असं मी तुला बोलले. त्या घरात, त्या खाटेपाशी बसून. तू पुस्तक मिटलंस आणि भिंतीकडे तोंड केलंस. मी चहा न घेता निघाले.

पुढच्या मंगळवारी मी आले नाही. फोनही केला नाही. माझं म्हणणं, तिला गरज असेल तर ती लावील. गुडघा दुखत नव्हता, बस चुकली नव्हती, सईची परीक्षा नव्हती. अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि पलीकडच्या कारखान्यात गणपती रंगवत होते ते बघत होते. दिवसभर. शुक्रवारी पहाटे रुबिनाचा फोन आला, तो तुझ्या वतीनं आलेला नव्हता, तुझ्याबद्दलचा होता.

मी पोचले तेव्हा तुला नेऊन झालं होतं. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, कोणी मला जागा करून दिली. मला तुला सांगायचं होतं की तुझ्या खडीसाखरेचं काय राहिलं ते मला ठाऊक आहे. माझ्यात राहिलं, सईपर्यंत गेलं. तुझ्या ओटीवर बसलेल्या पोरांतली कितीतरी आज न घाबरता कागद वाचतात आणि मग सही करतात. आणि तू पानाकडे बघून थांबलीस ना, तेव्हाच तू आपल्या दोघींतली खरी वाचणारी होतीस. मी तर शेवटपर्यंत ऐकत बसले असते. हे सगळं बसमध्ये जुळवून आणलं होतं. पाठ केलं होतं म्हण.

बायका पांगल्यावर रुबिना माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला म्हटलं, मी गेल्या मंगळवारी आले नाही, रागावली होती का ग ती माझ्यावर? ती म्हणाली:

"मावशी, त्या सोमवारी वॉचमन सोसायटीचा कागद देऊन गेला, इंग्लिशमधला. मी भाकऱ्या करत होते, म्हटलं ठेव तिथं. अम्मी तो घेऊन खिडकीत बसल्या. लय वेळ बसल्या. बोटानं गिरवलं नाय, कोणाला विचारलं नाय. मग मला हाक मारली, म्हणाल्या, रुबिना, पिंपं भरून ठेव, उद्या टाकी धुणार हायेत, सांजपर्यंत पाणी नाय. मी कागद बघितला तर तेच लिवलेलं. मी म्हटलं, नलूमावशीला फोन लावते. तर म्हणाल्या, नको, उद्या मंगळवार हाय, ती येईलच, तिच्यासमोर वाचते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो कागद मांडीवर घेऊन दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या."